गेनचा नॉब आणि आईच्या ओव्या

ऑडिओ इंटरफेस नावाची पेटी पाहिलीत का कधी? जाड पुस्तकाएवढी असते. पुढे चार-पाच नॉब आणि भोकं, मागे यूएसबीची वायर. काम एकच. माइकमधला आवाज कॉम्प्युटरला कळेल अशा आकड्यांत बदलायचा, आणि ऐकताना त्या आकड्यांचा पुन्हा आवाज करायचा. सीडीच्या दर्जाचं रेकॉर्डिंग असेल, तर हे मोजमाप सेकंदाला 44,100 वेळा चालतं, बरं का!

आमच्याकडे ही पेटी आली ती आईसाठी. आई 84 वर्षांची. जात्यावरच्या कितीतरी ओव्या तिला पाठ आहेत, पण लिहिलेली एकही नाही. आता दम पुरत नाही. ‘पुन्हा म्हण’ म्हटलं की, ‘‘एकदा म्हटली ना रे!’’ तेव्हा पहिल्याच फेरीत नीट यायला हवं. मदतीला आठवीतला भाचा.

‘‘मामा, माइकच्या वायरला तीन पिना कशाला?’’

मला आवडला हा प्रश्न. ही एक्सएलआर वायर. एक पिन अर्थची. उरलेल्या दोन तारांतून एकच आवाज जातो, पण एकमेकांच्या उलट. समजा, एकीत 5 आणि दुसरीत उणे 5. वाटेत ट्यूबलाइटची खरखर शिरली, 2 एवढी. ती मात्र दोन्हींत सारखीच शिरते. झाले 7 आणि उणे 3. पेटी करते वजाबाकी. किती आले? 10! आवाज राहिला, खरखर गेली. उणे संख्या कशाला शिकायच्या, असं विचारणाऱ्यांनी ही वायर जरूर बघावी.

‘48 व्ही’ लिहिलेलं बटण कंडेन्सर माइकला वीज पुरवतं. 1966 साली नॉर्वेच्या रेडिओसाठी न्यूमन कंपनीने असे माइक बनवले. तिथल्या स्टुडिओत जादा दिव्यांसाठी 48 व्होल्टची सोय आधीच होती, म्हणून तोच आकडा धरला आणि तो आजवर चालू आहे! आमचा माइक साधा डायनॅमिक, त्याला ही वीज लागत नाही. ‘इन्स्ट’ बटण इलेक्ट्रिक गिटारचं. तेही बंद.

आता खरी गोष्ट. भाच्याने हेडफोन लावला. ‘‘आजीचा आवाज बारीक येतोय,’’ म्हणत त्याने हेडफोनचा नॉब पार फिरवला. त्याच्या कानात आवाज वाढला, कॉम्प्युटरवरची रेघ मात्र तेवढीच! कारण हेडफोनचा आणि स्पीकरचा नॉब फक्त आपण काय ऐकतो ते ठरवतात. नोंदलं काय जातं, ते ठरवतो गेन.

मग गेन भरपूर वाढवावा? छे! आकड्यांना वरची मर्यादा असते, शून्य डेसिबल. आवाज त्यावर गेला की माथा छाटला जातो आणि फाटका आवाज नोंदला जातो. ओतू गेलेलं दूध पातेल्यात परत भरता येतं का? तसंच हे. बारीक आवाज मात्र नंतर बराच वाढवता येतो.

आई सुरुवात हळू करते, पण विठ्ठलाचं नाव आलं की आवाज चढतो. म्हणून तिला आधी एकच जोरातली ओळ म्हणायला लावली आणि सर्वांत मोठा आवाज उणे 12 डेसिबलच्या आसपास राहील असा गेन ठेवला. भाच्याला वाटलं, फारच कमी. पण ती वरची जागा चढत्या आवाजासाठी मोकळी हवीच.

गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकायचा असेल, तर ‘डायरेक्ट मॉनिटर’ लावतात. कॉम्प्युटरमधून फिरून येणारा आवाज किंचित उशिरा पोचतो आणि गाणारा गोंधळतो. या बटणामुळे तो पेटीतूनच सरळ कानात येतो. आईपुढे हेडफोन धरला, तर म्हणाली, ‘‘कानात बोळे घालून कुणी दळण दळतं का?’’

पंखा बंद करून, घाम पुसत 11 ओव्या झाल्या. एकदाही लाल दिवा लागला नाही. चौथ्या ओवीत शेजारच्या कुकरची शिट्टी आली आहे, ती राहू दिली. उरलेल्या ओव्या येत्या रविवारी.