गाडीतल्या बेडची गादी कशी निवडाल?

कोल्हापुरात नुसतं ‘गादी’ म्हटलं की जुन्या माणसांना आधी छत्रपतींची गादी आठवते. आजचा विषय त्या मानाने साधा आहे. ही गादी व्हॅनच्या मागच्या भागात, फळीवर टाकायची आहे.

राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हा हे प्रकरण मोठ्या शहरांतल्या हौशी लोकांचं असेल असं वाटलं होतं. आता माझ्या ओपीडीतही असे पेशंट येतात. कुणी जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन आतल्या सीट काढल्यात, कुणी छोट्या व्हॅनमध्ये सुताराकडून फळ्या बसवून घेतल्यात. बहुतेक जण पन्नाशी-साठीतले, नोकरीतून मोकळे झालेले. शुगर-बीपीचं बोलून झालं की उठता उठता विचारतात, “डॉक्टर, गाडीत गादी कोणती टाकू?”

प्रश्न उठता उठता विचारला जात असला तरी किरकोळ नाही. माझ्याकडे येणाऱ्या एका निवृत्त शिक्षक दांपत्याचं उदाहरण सांगतो. दोघं गाडी घेऊन आठवडाभर कोकणात गेले. सरांना कंबरेचा जुना त्रास, बाईंचे गुडघे दुखरे. तिसऱ्या रात्रीपासून दोघांची झोप उडाली. परतताना करूळ घाट चढताना सरांच्या डोळ्यांवर झापड येऊ लागली. गाडी बाजूला घेण्याची बुद्धी झाली म्हणून निभावलं. घरी आल्यावर बाईंनी गाडी विकायचं जाहीर करून टाकलं. आयुष्यभर पुढे ढकललेली हौस एका चुकीच्या गादीपायी संपायला आली होती.

ही चैन नाही

घरी एक रात्र झोप झाली नाही तर दुसऱ्या दिवशी आपण पेंगतो आणि विषय संपतो. गाडीत झोपणाऱ्याला दुसऱ्या दिवशी तीच गाडी चालवायची असते. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची सावधानता रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी खालावते, हे १९९७ मध्येच प्रयोगाने दाखवलं गेलं आहे. आपल्याकडे वाहनचालकासाठी कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. थेंबही न घेता, केवळ झोप न झाल्याने तुम्ही त्या रेषेपलीकडे जाऊ शकता.

कडक की मऊ?

आपलं गाव तालमींचं. ‘कडक जमिनीवर झोप, पाठ सरळ राहते,’ हा सल्ला इथे घराघरात मिळतो. डॉक्टरही पूर्वी गादीखाली फळी घालायला सांगत. २००३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जुन्या कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांपैकी काहींना कडक, तर काहींना मध्यम कडक गादी दिली होती. ९० दिवसांनंतर मध्यम कडक गादीवाल्यांना झोपताना आणि उठताना होणारा त्रास कमी होता, रोजची कामंही त्यांना जास्त सहज जमत होती.

कारण सोपं आहे. आपलं शरीर फळीसारखं सपाट नाही. कुशीवर झोपल्यावर खांदा आणि कंबरेचं हाड थोडं आत गेलं तरच मणका सरळ रेषेत राहतो. गादी फार कडक असेल तर खांदा दुखतो आणि कंबर अधांतरी राहते. फार मऊ असेल तर सगळा मधला भाग खोलगट होतो, रात्रभर झोळीत झोपल्यासारखं होतं.

म्हणून दुकानात गादी हाताने दाबून पाहू नका. चपला काढा आणि रोज ज्या कुशीवर झोपता त्या कुशीवर १०-१५ मिनिटं पडून राहा. सोबतच्या माणसाला मागून पाहायला सांगा: मानेपासून माकडहाडापर्यंतची रेष सरळ दिसते का? मग पाठीवर वळा आणि तळहात कंबरेखाली सरकवा. हात थोडा घासत आत गेला पाहिजे. सहज आरपार गेला तर गादी कडक, शिरलाच नाही तर मऊ. दुकानदार काय म्हणेल याची लाज बाळगू नका.

जाडी आणि डोक्यावरची जागा

घरी सहा-आठ इंची गादी चालते. गाडीत प्रत्येक इंचाचा हिशेब असतो. जाड गादी टाकली की डोकं छताला लागतं, मग माणूस कपडे बदलताना, पाणी पिताना मान वाकवून बसतो. दोन दिवसांत मान धरते. उलट दोन इंची फोम फळीवर टाकला तर मध्यरात्री कंबरेचं हाड फळीला टेकतं.

बहुतेक प्रौढांना चार इंच पुरतात, वजन ८०-८५ किलोच्या वर असेल तर पाच. एक परीक्षा घरीच करा: गादी फळीवर ठेवून एका गुडघ्यावर भार द्या. खालची फळी टोचली तर गादी पातळ आहे.

फोम घेताना ‘डेन्सिटी’ हा शब्द कानावर पडेल. ३२, ४० असे आकडे सांगतात. डेन्सिटी म्हणजे एका घनमीटरला किती किलो माल आहे. त्यावरून फोम किती टिकेल याचा अंदाज येतो, तो कडक आहे की मऊ हे कळत नाही. रोज बसायची आणि झोपायची एकच जागा असेल तर ४० चा फोम घ्या, लवकर बसणार नाही.

गुडघे दुखणाऱ्यांनी आणखी एक माप घ्यावं. बेडच्या काठावर बसल्यावर पाऊल जमिनीला पूर्ण टेकलं पाहिजे आणि गुडघा साधारण काटकोनात राहिला पाहिजे. फळीची उंची आणि गादीची जाडी मिळून हे जमायला हवं. रात्री दोन-तीनदा लघवीला उठावं लागणाऱ्याने दाराकडच्या बाजूला झोपावं, म्हणजे दुसऱ्याला ओलांडायला नको.

जोड कुठे येतो?

बऱ्याच गाड्यांत दिवसा बसायच्या सीट आणि पाठी रात्री जोडून बेड करतात. सरांच्या गाडीत हीच अडचण होती. तीन तुकड्यांतला एक जोड नेमका कंबरेखाली येत होता. रात्रभर तुकडे सरकत आणि सकाळी सर दोन गाद्यांच्या मधल्या फटीत सापडत. त्यात बसायच्या तुकड्यांचा फोम कडक, पाठीच्या तुकड्यांचा मऊ.

उपाय खर्चिक नव्हता. गादीवाल्याकडून तिन्ही तुकडे एकाच फोमचे, चार इंची करून घेतले आणि एक जोड मांडीखाली, दुसरा पोटऱ्यांखाली येईल असे कापले. वरून दीड इंचाचा अखंड मऊ थर टाकला, तो दिवसा गुंडाळून ठेवता येतो. पुढच्या खेपेला दोघं पाच दिवस राहून आले. गाडी अजून त्यांच्याच दारात आहे.

कापूस, काथ्या, फोम की आणखी काही?

कापसाची गादी अंगाला थंड, ऊन दाखवता येते, बसली की पुन्हा पिंजून घेता येते. पण ती जड असते आणि ओल धरते. पावसाळ्यात गाडीत ती वाळतच नाही. काथ्याची गादी कडक आणि हवेशीर, मात्र दुमडता येत नाही. तिच्यावर एखादा मऊ थर हवाच.

मेमरी फोमची जाहिरात खूप होते. तो उष्णतेने मऊ होतो आणि थंडीत कडक होतो. एप्रिलमध्ये उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीत तो रुततो आणि गरम लागतो. सांधेदुखीच्या माणसाला त्यात कूस बदलणंही जड जातं. स्प्रिंगची गादी चाकाच्या उंचवट्याच्या आकारात कापता येत नाही. लेटेक्स चांगलं, पण महाग आणि वजनदार. हवेची गादी दोन-चार रात्रींपुरती ठीक. साध्या चांगल्या प्रतीच्या फोमवर सुती खोळ, हा बहुतेकांसाठी परवडणारा आणि पुरेसा पर्याय आहे.

गादीखाली हवा हवी

झोपेत श्वासातून आणि त्वचेतून माणूस सुमारे पाव लिटर पाणी बाहेर टाकतो. दोन माणसं, बंद काचा आणि बाहेर गगनबावड्याचा पाऊस. ही वाफ गादीतून खाली जाते आणि थंड फळीला लागून तिचं पाणी होतं. आठ-पंधरा दिवसांत गादीच्या खालच्या बाजूला काळे ठिपके दिसतात. ती बुरशी. दमट गादीत धुळीतले सूक्ष्म किडेही वाढतात. दमा किंवा सर्दीची ॲलर्जी असलेल्यांचा त्रास कधी कधी इथून सुरू होतो आणि आपण दोष कोकणच्या हवेला देतो.

सलग प्लायवूडऐवजी दोन-दोन बोटं अंतर ठेवून पट्ट्या लावा, किंवा प्लायला भोकं पाडून घ्या. रात्री समोरासमोरच्या दोन काचा बोटभर उघड्या ठेवा. सकाळी गादी उभी करून ठेवा. कापसाला कडक ऊन द्या, फोमला मात्र सावलीतली वाहती हवा, कारण उन्हाने फोम पिवळा पडून भुगा होतो. खोळ काढून गरम पाण्यात धुता येईल अशीच शिवा.

सकाळचा पहिला अर्धा तास

हा मुद्दा कुठल्याच गादीवाल्याकडे कळणार नाही. रात्री आडवं झाल्यावर मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात. सकाळी आपली उंची एक-दीड सेंटिमीटर जास्त भरते ती यामुळेच. पहिला अर्धा-एक तास या चकत्या ताठ असतात आणि पुढे वाकलं की त्यांच्यावर जास्त ताण येतो. गाडीत राहणारा माणूस उठल्याबरोबर काय करतो? बुटक्या छताखाली कंबरेत वाकून गादी गुंडाळतो, फळी उचलतो, खालून स्टोव्ह ओढतो. मग कंबर धरली की म्हणतो, गादी बाधली.

आधी खाली उतरा. थोडं चाला, चहा घ्या. गादी नंतर आवरा, तीही गुडघ्यांवर बसून. म्हणूनच गादी हलकी आणि तुकड्यांत असावी. लांब पल्ल्याच्या ट्रकच्या केबिनमध्ये झोपणारी ड्रायव्हर मंडळी पातळ गादी आणि वाकळ का वापरतात, हे त्यांना विचारा. एका हाताने आवरता येतं, हे त्यांचं उत्तर असतं.

जे गादीने सुटत नाही

गाडी उतारावर उभी असेल तर कोणतीही गादी उपयोगाची नाही. वाटीत पाणी घेऊन फळीवर ठेवा, उतार लगेच दिसतो. समतल जागा मिळालीच नाही तर डोकं उंच बाजूला ठेवा. उशीचंही विसरू नका. कुशीवर झोपणाऱ्याने गुडघ्यांमध्ये आणि पाठीवर झोपणाऱ्याने गुडघ्यांखाली एक उशी घ्यावी.

गाडी चालू असताना मागे गादीवर झोपू नका. ब्रेक लागला तर झोपलेल्या माणसाला धरून ठेवणारं काहीच नसतं. बंद गाडीत इंजिन, जनरेटर, शेगडी किंवा स्टोव्ह चालू ठेवून कधीही झोपू नका. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकरा येथे उभ्या कॅरॅव्हॅनमध्ये दोघांचा मृत्यू झाला, तो जनरेटरमधून आलेल्या कार्बन मोनॉक्साइडमुळे. या वायूला वास नसतो, झोपलेल्याला तो जागं करत नाही.

आणि कंबरदुखीबरोबर पाय लुळा पडणं, जांघेत व गुदद्वाराभोवती बधिरपणा, लघवी-संडासवरचा ताबा जाणं यापैकी काहीही झालं तर गादीचा विचार सोडून त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. ताप, विनाकारण घटणारं वजन किंवा पडल्यानंतरचं दुखणं असेल तरीही डॉक्टरांना लगेच दाखवा. नवी गादी घेऊन हे आजार बरे होत नाहीत.

बाकी सगळ्यांसाठी एकच सांगणं. लांबच्या सहलीला निघण्याआधी गाडी स्वतःच्या दारात उभी करा आणि एक रात्र तिच्यात झोपा. शेजारी हसतील, हसू द्या. गादी पातळ आहे, जोड टोचतोय, छत लागतंय हे त्या रात्रीत कळेल आणि सकाळी गादीवाल्याचं दुकान जवळच असेल.