ट्रायम्फचं गाव कोणतं?

ऑनसाइटला गेलेल्यांचं इंग्लंड ठरलेलं असतं. लंडन होतं, स्टोनहेंज होतं, लॉर्ड्ससमोर फोटो काढून होतो. मग एखादा शनिवार असाच रिकामा राहतो. बाइकचं वेड असेल तर तो हिंक्लीला द्या.

आता तिथे बघायचं काय? खरं सांगायचं, तर फारसं काही नाही. बर्मिंगहॅम आणि लेस्टरच्या मधलं, एकेकाळी मोजे विणून पोट भरणारं हे गाव. जुन्या लंडनच्या धुक्यातून शेरलॉक होम्सला घेऊन धावणारी ती दोन चाकांची हॅन्सम कॅब, ती १८३५ मध्ये पहिल्यांदा इथे बनली. पण आपण जायचं ते गावाबाहेरच्या इंडस्ट्रियल एरियात. तिथे ट्रायम्फ आहे.

ट्रायम्फ म्हणजे ‘द वाइल्ड वन’मध्ये (१९५३) मार्लन ब्रँडोच्या बुडाखाली असते ती. ‘द ग्रेट एस्केप’मध्ये (१९६३) स्टीव्ह मॅक्वीन काटेरी तारेवरून उडवतो ती. (प्रत्यक्षात उडी मारली होती बड एकिन्स या स्टंटमननं. पण पोस्टरवर मॅक्वीनच, त्यामुळे सोडा!) २०१७ मध्ये कंपनीनं कारखान्याला लागूनच एक झकास म्युझियम उघडलं. जुन्या गाड्या, चकाचक लायटिंग, कॅफे, टी-शर्ट. एकदम सही माहोल.

फक्त एक गोष्ट आहे. तुम्ही शोरूममध्ये बघता ती ट्रायम्फ बहुधा या गावची नसते.

फेब्रुवारी २०२० मध्ये कंपनीनं जाहीर केलं, की मोठ्या संख्येनं बनणाऱ्या गाड्यांचं उरलंसुरलं काम थायलंडला हलवणार. हिंक्लीत सुमारे ५० जणांची नोकरी जाणार. इथे राहणार ते डिझाइन, प्रोटोटाइप आणि मोजक्या स्पेशल गाड्या. कारण साधं होतं. पुढचं गिऱ्हाईक आशियात आहे, तर गाडीही तिकडेच बनवा. तसंही थायलंडमधल्या चोनबुरीत ट्रायम्फचे कारखाने २००२ पासून उभे राहत गेले आणि बहुतेक गाड्या तिथूनच निघत होत्या. मग कोविड आला. त्याच जूनमध्ये जगभरातल्या ४०० नोकऱ्या कापायचं ठरलं, त्यातल्या २४० ब्रिटनमधल्या.

‘अस्सल ब्रिटिश बाइक’ परदेशात गेली म्हणून तिकडे बरेच गळे काढून झाले. पण या अस्सल ब्रिटिश कंपनीचा संस्थापक होता जर्मन! सिगफ्रिड बेटमान, न्यूरेंबर्गचा. त्यानं कॉव्हेंट्रीत आधी सायकली विकल्या, १९०२ मध्ये पहिली मोटरसायकल काढली आणि १९१३ मध्ये चक्क त्या शहराचा मेयर झाला. वर्षभरात पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि जन्मानं जर्मन म्हणून त्याला ते पद सोडावं लागलं. पुढे १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी कॉव्हेंट्री भाजून काढलं, त्यात कारखानाही गेला. म्हणून १९४२ मध्ये ट्रायम्फ शेजारच्या मेरिडेनला गेली. जगभर गाजलेली बॉनव्हिल १९५९ मध्ये आली, ती या मेरिडेनची.

मला यातलं सगळ्यात आवडतं ते मेरिडेन. १९७३ मध्ये मालकांनी हा कारखाना बंद करायचं ठरवलं, तर कामगारांनी गेटच अडवलं. एक गाडी बाहेर जाऊ देईनात. दीड वर्ष हे चाललं. शेवटी लेबर सरकारातले मंत्री टोनी बेन यांनी कर्ज मिळवून दिलं आणि १९७५ मध्ये कामगारांनी स्वतःच सहकारी तत्त्वावर कारखाना चालवायला घेतला. सगळ्यांना सारखाच पगार! आपल्याकडे साखर कारखाने सहकारी असतात, इथे बॉनव्हिल सहकारी. समोर जपानी गाड्या, डोक्यावर कर्ज, तरी १९८३ पर्यंत त्यांनी दम धरला.

मग जॉन ब्लूर आले. मूळचे प्लास्टरचं काम करणारे, नंतर मोठे बिल्डर झालेले. त्यांनी ट्रायम्फचं नाव विकत घेतलं आणि हिंक्लीत नवा कारखाना बांधला. १९९१ पासून तिथून गाड्या निघू लागल्या. मेरिडेनचा कारखाना पाडून तिथे कॉलनी झाली.

म्हणजे मेरिडेनला नाव गेलं आणि कारखानाही गेला. हिंक्लीला नाव राहिलं, ऑफिस राहिलं, म्युझियम राहिलं, डिझायनर राहिले. गेला तो पान्हा धरणारा. आणि ब्रँडला तो गेल्याचं जाणवतही नाही. टाकीवरचा बॅज तोच, जाहिरातीतला पाऊस तोच. तुम्ही-आम्ही लॅपटॉपवाले डिझाइनच्या बाजूचे, त्यामुळे आपल्याला ही वाटणी पटकन पटते, एवढंच.

यात पुणं कुठे येतं? बरोबर मधोमध. जानेवारी २०२० मध्ये बजाज आणि ट्रायम्फचा करार झाला तो पुण्यात, हिंक्लीची बातमी येण्याच्या जेमतेम महिनाभर आधी. त्यातून २०२३ मध्ये चाकणला बनलेली स्पीड ४०० आली, एक्स-शोरूम २ लाख ३३ हजारांची. ईएमआयवर ट्रायम्फ! चाकणनं हिंक्लीचं काम पळवलं असं मात्र म्हणता येणार नाही, एवढी छोटी गाडी हिंक्लीत बनतच नव्हती. पण आकुर्डी आठवते? ‘हमारा बजाज’वाली चेतक जिथून निघायची तिथलं उत्पादन २००७ मध्ये थांबलं. काम वाळूज, चाकण आणि उत्तराखंडातल्या पंतनगरला गेलं. तिथे सवलती होत्या. आकुर्डीत पुन्हा चेतक बनू लागली ती २०२२ मध्ये, इलेक्ट्रिक होऊन. मधल्या १५ वर्षांत जुने फिटर रिटायर झाले होते.

असो. लंडनच्या यूस्टन स्टेशनवरून नन्इटनला उतरायचं आणि लेस्टरची लोकल पकडायची, पुढेच हिंक्ली. म्युझियमच्या वेळा आधी बघून घ्या. दुपार उरली तर कॉव्हेंट्रीहून बसनं मेरिडेनला जा. कारखान्याच्या जागेवरच्या कॉलनीत दोन गल्ल्यांना गाड्यांची नावं आहेत, बॉनव्हिल क्लोज आणि डेटोना ड्राइव्ह. पाटीबरोबर सेल्फी काढा, पण आवाज कमी ठेवा. लोकांची घरं आहेत.