चष्मा काढा, हसू नका

आमच्या फोटोग्राफीच्या वर्गात अकरा जण होते आणि पहिल्याच आठवड्यात त्यातल्या सात जणांनी म्हाताऱ्या माणसांचे फोटो आणले. मंडईतली भाजीवाली आजी, दिवे घाटातला वारकरी, तुळशीबागेबाहेरचा फुगेवाला, कोणाची तरी पणजी. सगळे कृष्णधवल, सगळ्यांच्या गालावर बाजूने पडलेलं ऊन आणि सगळ्यांच्या सुरकुत्या कम्प्युटरवर आणखी कोरलेल्या. मॅडमनी प्रिंट टेबलावर ओळीने मांडले, थोडा वेळ बघितले आणि विचारलं, ‘‘यातल्या कोणाकोणाचं नाव तुम्हाला माहीत आहे?’’ पणजीवाल्याने तेवढा हात वर केला.

मी उरलेल्या चौघांत होतो. त्यात तत्त्व वगैरे काही नव्हतं. वाकडला मी ज्या सोसायटीत भाड्याने राहतो तिथे साठीच्या पुढचा माणूस शोधावा लागतो, आणि रस्त्यात अनोळखी माणसाच्या तोंडासमोर लेन्स धरायला मला जमत नाही.

कोर्स शनिवार-रविवारचा, सहा महिन्यांचा. शेवटी बारा पोर्ट्रेटची एक मालिका करायची, एवढीच परीक्षा. वर्गात एक दातांची डॉक्टर, दोन बँकवाले, एक बी.कॉम.ची मुलगी आणि आम्ही तिघं सॉफ्टवेअरवाले (पुण्यात कसलाही वर्ग काढा, अगदी मोडी लिपीचा, आमच्यातले तिघं निघतातच). विषय सुचत नाही ही सगळ्यांची तक्रार. इन्स्टाग्रामवर तासन्‌तास दुसऱ्यांचं काम बघायचं, त्यातलं काही आवडलं की तसंच करावंसं वाटायचं, आणि ते तर कोणीतरी करून ठेवलेलंच असायचं. ‘प्रेरणा’ हा शब्द ऐकला की मॅडम वैतागायच्या. एका शनिवारी त्यांनी सांगितलं, ‘‘आवडता फोटो आणू नका. रोज सगळ्यात जास्त वेळा तुमच्या डोळ्यांसमोर येतो, तो फोटो घेऊन या.’’

डॉक्टरीणबाईंनी पेशंटच्या दातांचे उपचाराआधीचे आणि नंतरचे फोटो आणले. बी.कॉम.वालीने हार घातलेला आजोबांचा फोटो फ्रेमसकट आणला. मी गळ्यातलं आयकार्ड काढून टेबलावर ठेवलं.

त्या कार्डावर मी बावीस वर्षांचा आहे. सात वर्षांपूर्वी नोकरीच्या पहिल्या दिवशी तळमजल्यावर आमची रांग लावली होती. मागे निळा पडदा, समोर वेबकॅम, आणि प्रत्येकाला तेच दोन हुकूम: चष्मा काढा, हसू नका. एकेकाला चार-पाच सेकंद. आमच्या बॅचमधल्या सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच भाव आहे, आईबाबांना फोन करून सांगायचंय असा. नंतर सात वर्षं तो चेहरा दरवाजे उघडतो, कॅन्टीनमध्ये पैसे कापून घेतो, आणि आपण मागे बदलत जातो. माझ्या बॅचमधल्या लोकांना आता त्याच पवित्र्यात, पांढऱ्या भिंतीसमोर, बसवायचं असं मी ठरवलं.

मॅडमनी नाही म्हटलं नाही, पण दोन गोष्टी विचारल्या. कार्ड फोटोत दिसणार का? मी हो म्हटल्यावर त्या म्हणाल्या, मग लोक तेव्हाचा आणि आत्ताचा चेहरा जुळवून बघतील, ‘किती बदलला’ म्हणतील आणि पुढे जातील. दुसरा प्रश्न असा, की हा पवित्रा आला कुठून? समोरून, सपाट उजेडात, मागे काही नाही, चेहऱ्यावर काही नाही. माणसाला असं बसवायचं पहिल्यांदा कोणाला सुचलं?

उत्तर शोधताना मी जो गुंतलो तो महिनाभर बाहेर आलो नाही. हा पवित्रा बऱ्याच अंशी पोलिसांचा आहे. १८८०च्या दशकात पॅरिसच्या पोलिसांत आल्फोंस बर्तियोंने गुन्हेगारांच्या नोंदीची पद्धत बसवली. शरीराची मापं, आणि जोडीला दोन फोटो, एक समोरून, एक बाजूने. खुर्ची ठरलेली, अंतर ठरलेलं, म्हणजे दोन फोटो शेजारी ठेवून ताडता यावेत. त्याच्या आधी आपल्याकडे इंग्रज सरकारने १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड काढले होते. त्यात बहुतेक फोटोंखाली माणसाचं नाव नाही, जातीचं किंवा जमातीचं आहे. मॅडमनी पहिल्या दिवशी नावं का विचारली ते मला हे खंड इंटरनेटवर चाळताना कळलं.

मग मार्क गारांजे सापडला. १९६० साली हा पंचविशीतला फ्रेंच सैनिक अल्जीरियात होता. स्वातंत्र्ययुद्ध चालू होतं, लष्कराने खेडी उठवून लोकांना देखरेखीखालच्या वस्त्यांत आणलं होतं, आणि वरिष्ठांनी सगळ्यांची ओळखपत्रं बनवायचा हुकूम काढला. गारांजेने सुमारे २,००० फोटो काढले, बहुतेक बायकांचे. त्यांना चेहऱ्यावरचं वस्त्र बाजूला करायला लावलं होतं. मागे पांढरी भिंत, अंगाखाली स्टूल. ते फोटो एकदा बघितले की डोक्यातून जात नाहीत. त्या बायकांना काही बोलायची सोय नव्हती, म्हणून त्या नुसत्या बघतात, आणि त्या बघण्यात इतका राग आहे की ओळखपत्राच्या चौकटीत तो मावत नाही. हुकूम देणाऱ्यांना हवा होता तसाच फोटो निघाला, आणि तोच त्यांच्या विरुद्धचा पुरावा झाला.

आणि आउगुस्ट झांडर. पोर्ट्रेट शिकणाऱ्या प्रत्येकाला हे नाव दुसऱ्या-तिसऱ्या तासाला सांगतातच: कोलोनचा फोटोग्राफर, साऱ्या जर्मन समाजाचं चित्र उभं करायला निघालेला, शेतकरी, आचारी, वकील, बेकार, सगळे समोर उभे करून, शांतपणे. १९२९च्या त्याच्या पुस्तकात ६० फोटो होते. १९३६ साली नाझींनी त्याच्या छपाईच्या प्लेट नष्ट केल्या. त्याचा मुलगा एरिख राजकीय कैदी म्हणून तुरुंगात गेला आणि १९४४ साली तिथेच मेला. इथवर आम्हाला माहीत होतं. मला नवीन होतं ते हे: १९३८च्या सुमाराला कोलोनमधले ज्यू नागरिक झांडरच्या स्टुडिओत ओळखपत्राचे फोटो काढायला आले होते. झांडरने ते काढून दिले, आणि युद्धानंतर तेच फोटो आपल्या मोठ्या मालिकेत छळ झालेल्यांचा वेगळा विभाग करून ठेवले. एरिखने तुरुंगात काढलेले कैद्यांचे फोटोही त्या मालिकेत आले. म्हणजे ज्या फोटोची मागणी सरकारने केली, तोच पोर्ट्रेट झाला. खुर्ची तीच, माणूस तोच, खिडकीचा उजेड तोच. मग फरक कशाने पडला?

याचं उत्तर पुस्तकात मिळेना म्हणून मी कामाला लागलो. आमच्या ऑफिसच्या आवारात कॅमेरा चालत नाही, तेव्हा सगळं माझ्या हॉलमध्ये. डाव्या हाताला खिडकी, उजवीकडे उजेड परतवायला थर्माकोलचा पत्रा, जुन्या बाजारातून घेतलेला कॅमेरा, ५० मिलिमीटरची लेन्स, फरशीवर चिकटपट्टीची खूण. कार्ड फोटोत नाही. तेव्हा चार सेकंद दिले होते, आता मी प्रत्येकाला चाळीस मिनिटं बसवणार होतो.

त्या चाळीस मिनिटांबद्दल मी एक वेगळा लेख लिहू शकेन. पहिली दहा मिनिटं सेल्फीचा चेहरा असतो, हनुवटी किंचित खाली, मान एका बाजूला. हा चेहरा प्रत्येकाचा पाठ आहे. तो थकला की व्हिडिओ कॉलचा चेहरा येतो. ऐकतोय असं दाखवणारा, दर काही सेकंदांनी मान हलवणारा. आणि त्यातली एक गंमत मला दुसऱ्या-तिसऱ्या माणसापासून दिसायला लागली. सगळ्यांचे डोळे मधूनच खाली उजव्या कोपऱ्यात जातात. तिथे फक्त माझी फरशी आहे. पण कॉलवर तिथे आपला स्वतःचा छोटा चौकोन असतो, आणि कित्येक वर्षं दिवसातले पाच तास आपण बोलताना स्वतःलाच तपासत आलो आहोत. कॅमेऱ्यासमोर तो चौकोन नसला की माणूस जरा हरवतो. विसाव्या-पंचविसाव्या मिनिटाला तो चौकोन शोधणं थांबतं. त्यानंतर जे येतं ते काही फार खोल वगैरे नसतं. बरेचदा ती झोप असते. आमच्या बॅचच्या चेहऱ्यावर आईबाबांना फोन करायच्या उत्साहाच्या जागी आता काय आहे, असं कोणी विचारलं तर माझं प्रामाणिक उत्तर झोप हे आहे.

इमारतीच्या फाटकावरचे सिक्युरिटीवाले काका बॅचमधले नव्हते. पण त्यांचं कार्ड मी रोज बघायचो. त्यावर आधार कार्डावरून कापलेला फोटो होता, इतका काळा की कोणीही असू शकला असता. मी विचारल्यावर ते रविवारी आले ते गणवेश घरी ठेवून, पांढरा सदरा, पायजमा, खिशात कंगवा. मी त्यांना छातीपर्यंतची चौकट समजावून सांगितली तर ते म्हणाले, ‘‘सर, फोटू पायापासून पाहिजे. अर्धा फोटू मेलेल्या माणसाचा लावतेत.’’ मला बी.कॉम.वालीच्या आजोबांची फ्रेम आठवली. खरंच, हार घातलेले फोटो छातीपर्यंतच असतात. मी कॅमेरा मागे नेला, फरशीवरची चिकटपट्टी उखडली आणि काकांचा पायापासून फोटो काढला. मालिकेचा नियम त्यांनी मोडला आणि ती त्यामुळे सुधारली, असं माझं मत आहे. गावाकडे पाठवायला त्यांनी दोन प्रती मागितल्या. पुढे मला मालीतल्या सेदू केइताबद्दल वाचायला मिळालं. १९४८ साली त्याने बामाकोत स्टुडिओ काढला, घरातल्या पलंगपोसाचा पडदा केला, आणि गिऱ्हाईक सांगेल त्या ऐटीत फोटो काढले. काकांना तो लगेच समजला असता.

नववी बसली ती माझ्याच बॅचची, टेस्टिंगमधली, मूळची सोलापूरची. तिची वेळ ठरली तेव्हा ती नोकरीत होती. रविवार उजाडेपर्यंत नव्हती. अर्ध्या तासाच्या कॉलवर संपलं, आणि कार्ड फाटकावर जमा करून घेतलं. मी म्हटलं, राहू दे हे. ती म्हणाली, ‘‘का? कार्ड दिसणार नाहीये ना फोटोत? मग?’’ आणि ती आली. एकतिसाव्या मिनिटाला, काहीतरी वेगळंच बोलत असताना, तिचा हात छातीशी गेला आणि कार्ड चाचपायला लागला. तिथे काही नव्हतं. हात तसाच हवेत थांबला आणि मी बटण दाबलं.

फोटो कसा आलाय ते मी सांगणार नाही. तिने तो स्क्रीनवर बघितला आणि म्हणाली, ‘‘हा नको. लिहायचं तर लिही, पण हा दाखवू नकोस.’’ म्हणून लिहितो आहे. तिने निवडला तो त्याच्या बऱ्याच आधीचा, चष्मा लावलेला, ओठ मिटलेले, काहीच न सांगणारा.

वर्गात यावरून भांडण झालं. तो फोटो मी मॅडमनाही दाखवला नव्हता, फक्त प्रसंग सांगितला. त्यांचं म्हणणं, सगळ्या मालिकेचा अर्थ ज्यात आहे तोच फोटो तू बाहेर ठेवतो आहेस. मी त्यांना त्यांनीच सांगितलेली गोष्ट ऐकवली. दयानिता सिंग १९८९ साली लंडनच्या ‘टाइम्स’साठी दिल्लीतल्या तृतीयपंथीयांचे फोटो काढायला गेली होती. मोना अहमदला फोटो कुठे छापले जाणार हे कळल्यावर तिने रोल परत मागितला, आणि दयानिताने तो देऊन टाकला. त्यातून मैत्री झाली, आणि २००१ साली ‘मायसेल्फ मोना अहमद’ हे पुस्तक आलं, ज्यातला मजकूर मोनाने स्वतः पाठवलेल्या ईमेलचा आहे. मॅडम म्हणाल्या, ‘‘रोल परत दिला, बरोबर. पण त्यानंतर ती बारा वर्षं मोनाकडे जात राहिली. तू जाणार आहेस का? नुसता फोटो लपवणं सोपं आहे.’’

यावर माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. गारांजेच्या बायकांना फोटो नको म्हणायची सोय नव्हती, झांडरकडे आलेल्यांना फोटो काढल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, माझ्या हॉलमधला माणूस मात्र उठून जाऊ शकत होता. चेहऱ्यात जो फरक मी शोधत होतो तो निदान माझ्या कामात इथून आला. पण ज्याला नाही म्हणता येतं तो नाही म्हणतोही, आणि तेव्हा नेमका चांगला फोटो जातो. मालिकेत तिचा तिने निवडलेलाच फोटो लावला. मॅडमना ते अजून पटलेलं नाही. वर्गाच्या शेवटच्या प्रदर्शनात त्या त्याच्यासमोर जरा जास्तच वेळ उभ्या होत्या, पण बोलल्या काही नाहीत.

प्रदर्शनानंतर तिचं येणं-जाणं होतं. कधी रेझ्युमे वाचून घ्यायला, कधी नुसतं चहाला. दोन महिन्यांपूर्वी तिला अमेरिकेत एम.एस.साठी प्रवेश मिळाला. व्हिसाच्या अर्जाला माझ्याच मालिकेतला फोटो कापून लावू, असं तिच्या डोक्यात होतं; पैसे वाचतील आणि तिला तो आवडतोही. पण अमेरिकेच्या व्हिसाच्या फोटोत चष्मा चालत नाही. दोन इंच बाय दोन इंच, पांढरी पार्श्वभूमी, चेहरा समोर, भाव नाही. तेव्हा पुन्हा तोच हॉल, तीच भिंत, थर्माकोलचा पत्रा. तिने चष्मा काढून माझ्या हातात दिला, ताठ बसली, आणि मी काही म्हणत नाही असं बघून म्हणाली, ‘‘अरे बोल की आता, रांग खोळंबलीय.’’

मी बोललो. पहिले चार फोटो हसण्यात गेले. पाचवा अर्जाला लावला.