हिमवृकाची भेट

मिलवॉकी येथें चिरंजीवांकडे काढलेल्या पहिल्याच हिवाळ्यांत आमची हिमवृकाशीं गांठ पडली. हा प्राणी अरण्यांतला नव्हे, मेजावरचा. याच विस्कॉन्सिन प्रांतांतील लेक जिनीव्हा गांवीं १९७४ सालीं गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध झाला. त्याच्या १९७७ च्या राक्षसकोशांत या लांडग्याचें नांव आहे. पांढरीशुभ्र लोंकर, फिकट निळे डोळे, अंगानें एवढा अवाढव्य कीं पटावर दहा फूट चौरस जागा त्याला एकट्याला हवी. आणि श्वास असा कीं तो नुसता अंगावर आला तरी माणूस गोठून मरावा. हिमप्रदेशांतले राक्षस त्याला शिकारीस बरोबर नेतात म्हणे. हें सर्व आम्हांस बारा वर्षांच्या नातवानें सांगितलें, अर्थात् इंग्रजींत. त्याचें मराठी ‘आजोबा, जेवायला चला’ यापुढें क्वचितच जाई, आणि त्याचें इंग्रजी आम्हांस निम्मेंच कळे. एका घरांत राहूनहि आमचें बोलणें खुंटलेलेंच होतें.

एका रविवारीं बर्फामुळें त्याचे सवंगडी आले नाहींत, तेव्हां आमची वर्णी लागली. आमच्या वांट्यास एक भटका योद्धा आला, प्राणशक्ति अकरा. (आमच्या वयाला अकरा म्हणजे कांहीं कमी नव्हे!) खिंडींत लांडगा आडवा आला. या खेळांत प्राण्यांचीं सोंगें सूत्रधारानें वठवावयाचीं असतात, आणि हिमवृकास बोलतां येतें. त्याच्या भाषा पुस्तकांत दिल्या आहेत. मराठी त्यांत नाहीं. नातू क्षणभर घुटमळला, मग घोगऱ्या आवाजांत म्हणाला, “म्हातारा, मला भूक लागला आहे.”

दुरुस्ती ओठांवर आली होती. पण लांडग्याचें व्याकरण कोण सुधारणार? आम्हीं विचारलें, “कोठून आलास, बाबा?”

“लांबून. तिकडे फार थंडी. कोणी बोलत नाहीं.”

अर्धा तास तो असा बोलत होता. आम्हीं शिदोरी देऊं केली. ती खाऊनहि त्यानें श्वास सोडलाच. शेवटीं लांडगाच तो. वीस पैलूंच्या फाशावर बारा हवे होते, आम्हांस सात पडले. मग पुठ्ठ्याच्या आडोशामागें त्यानें आठ पैलूंचे चार फासे टाकले. त्यांतले तीन कडेबाहेर घरंगळले: सात, सहा, आठ. त्यानें ते झटकन् गोळा केले, बराच वेळ बेरीज केल्यासारखें दाखविलें आणि म्हणाला, “दहा. आजोबा, एक उरला.”

जन्मभर गणित शिकविलेले आम्ही, कांहीं बोललों नाहीं. योद्ध्यास उठवून बसविलें आणि लांडग्यास विचारलें, आतां पुढें काय?