अंगणातील शंकू

मुलांस शास्त्राची गोडी लावावयाची तर प्रयोगशाळा व महागडी उपकरणे हवीत, असा पुष्कळ पालकांचा समज असतो. वस्तुतः एक काठी, थोडी दोरी आणि घरापुढचे अंगण एवढी सामग्री पुरेशी असते. मॉरिशसच्या पश्चिमेकडील कास्कावेल गावातील एका मराठी कुटुंबात अशाच एका काठीने जे शिकविले, ते इतर घरांनाही उपयोगी पडण्यासारखे आहे.

त्या घरातील आजोबा सायंकाळी बैठकेत मुलांस मराठी शिकवीत. त्यांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात रत्नागिरीकडून करारबद्ध मजूर म्हणून येथील ऊसमळ्यांवर आलेले. मायभाषेतील पुस्तकांविषयी आजोबांस मोठा आदर. भारतातून आलेल्या एका शालेय पुस्तकात भर दुपारी सावली उत्तरेकडे पडते, असे वाक्य होते. ते वाक्य त्यांनी मुलांकडून मोठ्याने वाचून घेतले.

त्यांची अकरा वर्षांची नात दुसऱ्या दिवशी मीटरभर लांबीची काठी अंगणात रोवून बसली. जून महिना अखेरीकडे झुकत होता. दुपारी तिने सावली मोजली. ती सुमारे ९५ सेंटीमीटर भरली आणि चक्क दक्षिणेकडे पडली होती. तिने धावत जाऊन हे सांगितले, तेव्हा आजोबा किंचित रागानेच म्हणाले, “बाळ, तुझ्या दिशा चुकल्या असतील. पुस्तक चुकायचे नाही.”

मुलगी काही बोलली नाही. तिने काठी उपटून भिंतीशी टाकली. रात्री मात्र ती आजीला म्हणाली, “मराठीच्या पुस्तकात खोटे असते, आजी. मी आता बैठकेला जाणार नाही.” हे शब्द आजोबांच्या कानी गेले आणि त्यांची झोप उडाली. प्रश्न आता सावलीचा राहिला नव्हता. मुलीचा आपल्या डोळ्यांवरील विश्वास मोडावा, की आपल्या भाषेवरील विश्वास मोडू द्यावा, असा पेच त्यांच्यापुढे उभा राहिला.

सकाळी त्यांनी स्वतः काठी पुन्हा रोवली. दोरीला दगड बांधून ओळंबा केला व काठी सरळ उभी असल्याची खात्री करून घेतली. मग काठीभोवती दोरीने एक वर्तुळ आखले. दुपारपूर्वी सावलीचे टोक आत येताना वर्तुळाला जेथे टेकले तेथे एक खूण, आणि दुपारनंतर ते बाहेर जाताना जेथे टेकले तेथे दुसरी. दोन्ही खुणा जोडणारी रेषा म्हणजे पूर्व-पश्चिम. तिला काटकोनात असलेली रेषा म्हणजे दक्षिणोत्तर. ही रीत प्राचीन शुल्बसूत्रांतही आढळते. जुने ज्योतिषी अशा काठीस शंकू म्हणत.

मधल्या वेळात ते दर दोन मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडा ठेवीत होते. सर्वांत आखूड सावली घड्याळात बारा वाजून सुमारे बारा मिनिटांनी पडली. मॉरिशसचे घड्याळ ६० अंश पूर्व रेखांशाप्रमाणे चालते आणि बेट त्याच्या पश्चिमेस आहे. म्हणून त्या दिवसांत तेथील खरा मध्याह्न थोडा उशिरा येतो. संध्याकाळी रेषा आखून पाहिली, तो ती आखूड सावली दक्षिणेकडेच होती. नातीचे काही चुकले नव्हते.

आजोबांनी तिला जवळ बोलाविले. “चूक माझी झाली. पुस्तकही खोटे नाही, ते ज्या भूमीत लिहिले तेथले ते खरे आहे,” असे म्हणून त्यांनी एका मोसंब्यावर दोन टाचण्या टोचून दाखविल्या. रत्नागिरी विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे १७ अंशांवर, कास्कावेल दक्षिणेस सुमारे २० अंशांवर. म्हणून वर्षातील बहुतेक काळ मध्याह्नीचा सूर्य रत्नागिरीहून दक्षिणेस आणि कास्कावेलहून उत्तरेस दिसतो. सावली अर्थात त्याच्या उलट बाजूस. रात्री येथे ध्रुव दिसत नाही, हे आजोबांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकले होते. दिवसाची सावलीही फिरते, याचा विचार मात्र त्यांनी कधी केला नव्हता. पुढल्या बैठकेत सर्व मुलांसमोर त्यांनी आपली चूक सांगितली, आणि नात पहिल्या रांगेत बसून ऐकत होती.

काठी वर्षभर तेथेच राहिली. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्याअखेर सावली ३७ सेंटीमीटर झाली. २२ नोव्हेंबरच्या सुमारास सूर्य थेट माथ्यावर आला व मध्याह्नी सावली नाहीशीच झाली. जानेवारीच्या २० तारखेच्या सुमारास पुन्हा तसेच झाले. हे सारे मुलांनी जमिनीवर पाहावे व वहीत तारीखवार लिहून ठेवावे. सूर्याकडे मात्र थेट कधीही पाहू नये, हे वडिलांनी त्यांस आधी बजावून ठेवावे.

२१ डिसेंबरला नातीने आजोबांस हाक मारून बाहेर नेले. जेमतेम साडेपाच सेंटीमीटरांची सावली होती, पण ती उत्तरेकडे पडली होती. वहीत आकडा लिहून तिने विचारले, “आजोबा, आज रत्नागिरीला कुठे पडेल?”

“तिकडेही उत्तरेलाच,” आजोबा म्हणाले, “फक्त पुष्कळ लांब.”