पॅरालिसिसनंतर चालताना पायाकडे किती लक्ष द्यावे?



"बाबा, गुडघा वाकवा. टाच आधी टेकवा. हं, आता पुढचं पाऊल."

दहिवलीच्या आमच्या घराच्या अंगणात जवळजवळ तीन महिने मी हे रोज म्हणत होतो. वडिलांना पक्षाघाताचा झटका आला आणि उजवी बाजू लुळी पडली. मुलगाच डॉक्टर, त्यामुळे व्यायामात एक दिवसही खंड पडला नाही. बाबा काठी घेऊन चालू लागले. मला माझेच कौतुक वाटत होते.

एका संध्याकाळी शेजारच्या काकांनी कुंपणापलीकडून हाक मारली, "काय दादा, बरं वाटतंय का आता?" बाबांनी मान वर केली, उत्तर द्यायला तोंड उघडले आणि कोसळले. नशिबाने हाड मोडले नाही. पण मला प्रश्न पडला, पायात ताकद परत आली होती, मग तोल का गेला?

तुम्ही एक करून बघा. जिना उतरताना नेहमीसारखे न उतरता "आता गुडघा, आता टाच" असे मनात म्हणत उतरा. (कठडा धरूनच!) लगेच अडखळल्यासारखे होईल. भाताचा भारा डोक्यावर घेऊन अरुंद बांधावरून जाणारी बाई पायांचा विचार करत नाही, म्हणून तर ती गप्पा मारत जाते. सवयीची हालचाल मेंदू आपोआप चालवतो. तिच्यात आपण जाणीवपूर्वक लुडबुड केली की ती बिघडते.

पॅरालिसिसनंतर ही लुडबुड वाढते, आणि ते स्वाभाविक आहे. पाय भरवशाचा राहिलेला नसतो, पडायची भीती असते, शिवाय घरचे सगळे सूचना देत असतात. पण लक्ष ही मर्यादित गोष्ट आहे. सगळे लक्ष पायाला दिले, तर समोरून आलेल्या हाकेला द्यायला काही उरत नाही. बाबांचे तेच झाले.

हे मोजता येते का?

येते. रिच मास्टर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली यासाठी एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात १० विधाने आहेत. प्रत्येकाला १ ते ६ गुण, म्हणजे एकूण १० ते ६०. निम्मी विधाने 'मी माझी हालचाल मुद्दाम, विचार करून करतो का' हे तपासतात. उरलेली निम्मी 'मी चालताना लोकांना कसा दिसतो याची चिंता वाटते का' हे तपासतात. पुढे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पक्षाघात झालेल्यांचे गुण त्यांच्याच वयाच्या इतर लोकांपेक्षा जास्त आढळले.

मी बाबांना हे प्रश्न आपल्या घरगुती मराठीत विचारले. अशा भाषांतरावरून निदान करता येत नाही, हे कबूल. पण उत्तरे ऐकून मी गप्प झालो. पायाचा विचार? "सारखाच." लोक बघतात याची लाज? बाबा थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणून तर नाक्यावर जात नाही." तीन महिन्यांत मी त्यांचा गुडघा शंभर वेळा तपासला होता, हे एकदाही विचारले नव्हते.

दुसरी चाचणी तर बिनखर्चाची आहे. स्वीडनमधल्या संशोधकांनी १९९७ साली पाहिले, की चालता चालता बोलायला लावल्यावर जे वृद्ध थांबतात, त्यांना पुढे पडण्याचा धोका जास्त असतो. बोलण्यासाठी थांबावे लागणे म्हणजे चालण्यातच सगळे लक्ष खर्च होत असणे.

मग आम्ही काय बदलले?

आमच्या फिजिओथेरपिस्टने मला स्पष्ट सांगितले, "डॉक्टर, तुम्ही फार बोलता." तिने अंगणात खडूने रेघा मारल्या. "गुडघा उचला" ऐवजी "रेघेच्या पलीकडे पाऊल टाका". लक्ष पायावरून रेघेवर गेले. सूचना एका वेळी एकच. नंतर, ती सोबत असतानाच, चालता चालता गप्पा, मग हातात अर्धा भरलेला पेला.

याचा अर्थ पायाकडे लक्ष देणे वाईट, असा मुळीच नाही. सुरुवातीच्या आठवड्यांत, नवी हालचाल शिकताना, ओल्या फरशीवर किंवा उंबरा ओलांडताना ते लागतेच. प्रत्येक रुग्णाचे प्रमाण वेगळे असते. म्हणूनच अंदाजाने न ठरवता मोजायचे.

तुमच्या घरी असा रुग्ण असेल तर:

• एका वेळी एकच छोटी सूचना द्या, आणि मग थांबा.
• रुग्ण चालत असताना लांबून हाक मारू नका. समोर या, तो थांबला की बोला.
• बोलत चालण्याचा सराव फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्यानेच आणि कोणी शेजारी असतानाच करा.
• "चालताना मनात काय चालू असतं?" हे जरूर विचारा.

बाबा आता काठी घेऊन नाक्यापर्यंत जातात. उजवा पाय अजून थोडा ओढतो. वाटेत कोणी भेटले की थांबतात, बोलतात, मग पुढे निघतात. मी दोन पावले मागे असतो, आणि तोंड बंद ठेवतो.

काळजी घ्या.