निर्यात केलेले पान आणि डिवचे कप्पे

वर्डमधला मजकूर वेबपान म्हणून साठवला की वर्डचा सगळा पसाराही सोबत येतो. परिच्छेदागणिक ‘एमएसओनॉर्मल’ हा क्लास, आत स्पॅनचे तुकडे, त्यांवर फाँटचे नाव आणि आकार, आणि या सगळ्याला मिळून ‘वर्डसेक्शन१’ नावाचा एकच डिव. ‘फिल्टर्ड’ पर्याय निवडला तर पसारा आटोपतो, पण रचना येत नाही. सीएसएसला हुकूम सोडायचा तर कुठल्या भागावर सोडायचा, हे पानातच लिहिलेले असावे लागते. डिवचे काम तेवढेच.

एक उदाहरण घेऊ. कर्नाटकातल्या काळी नदीच्या खोऱ्यातला जोयडा तालुका कुणबी शेतकऱ्यांच्या कंदांसाठी ओळखला जातो. कोकणी, मराठी, कन्नड तिन्ही भाषा तिथे चालतात. कोनफळ, सुरण, करांदे यांची माहिती मराठीत आणि कन्नडमध्ये देणारे पान करायचे, तर बाहेर एक मोठा डिव ओळीची लांबी आवरतो. आत प्रत्येक कंदाचा एक डिव, आणि त्यात भाषेनुसार दोन. क्लासचे नाव देवनागरीत ‘कंद’ असले तरी चालते. फाइल यूटीएफ-८ मध्ये हवी.

भाषेचा कप्पा सर्वांत मोलाचा. स्पॅन साफ करताना त्यांवरची भाषेची खूणही पुसली जाते आणि कुणाच्या ते ध्यानात येत नाही. म्हणून ‘लँग’ची खूण आधी डिववर चढवावी. ती ‘एमआर’ असेल, तर सोय असलेल्या फाँटमध्ये ल आणि श मराठी वळणाचे उमटतात. ओळींतले अंतर मराठी डिवला १.७च्या आसपास ठेवावे, म्हणजे रफार आणि उकार एकमेकांत अडकत नाहीत. अक्षरांमधले अंतर मात्र मुळीच वाढवू नये. शिरोरेषा तुटते, आणि तुटक शिरोरेषेचे मराठी वाचवत नाही.

निर्यात झालेल्या फाइलमध्ये हाताने डिव घालणे व्यर्थ आहे. मजकुरात एक दुरुस्ती झाली, पुन्हा निर्यात केली, की सगळे कप्पे गेले. ते मुळातच हवेत. पॅन्डॉक या रूपांतर करणाऱ्या साधनाच्या मार्कडाउनमध्ये ‘:::’ अशा तीन अपूर्णविरामांच्या दोन ओळींमध्ये मजकूर ठेवला आणि वरच्या ओळीत क्लासचे नाव दिले की डिव तयार होतो. वर्ड सोडायचे नसेल, तर परिच्छेदाला ‘कंद’ नावाची स्टाइल द्यावी. पॅन्डॉकला स्टाइली राखायला सांगितले की ते नाव डिववर येते.

शीर्षकाला शीर्षकाचाच टॅग हवा, यादीला यादीचा. उगाच डिवमध्ये डिव नको. तपासताना सगळ्या डिवना तात्पुरती लाल रेघ द्यावी. कन्नडचा परिच्छेद मराठीच्या चौकटीत शिरला असेल तर लगेच दिसतो. तपासून झाले की सीएसएसमधली लाल रेघेची ओळ काढून टाकावी.